छोट्या विमानाचा खरा रंग

विमानाची प्रतिकृती रंगवताना इतिहासाशी किती इमान राखायचे आणि स्वतःच्या हौसेला किती वाव द्यायचा, यावर १:७२ वा १:४८ प्रमाणाची किट जोडणाऱ्यांत कायम मतभेद असतात. हा वाद सोडवायचा तर जुन्या रंगांविषयी इतिहासाला नेमके किती ठाऊक आहे, ते आधी पाहायला हवे.

१९४० च्या ब्रिटनच्या लढाईतले स्पिटफायर हे याचे उत्तम उदाहरण. वरून गडद हिरवा आणि मातकट तपकिरी, एवढे निश्चित. पोटाच्या बाजूसाठी त्या उन्हाळ्यात ‘स्काय’ ही फिकट हिरवट छटा ठरली. पण तयार रंग पुरेसा मिळेना, तेव्हा ठिकठिकाणी हाताशी असलेले रंग मिसळून काम भागवले गेले आणि काही विमाने निळसर पोटाची झाली. १९४१ मध्ये तपकिरीच्या जागी ‘ओशन ग्रे’ आला, तेव्हाही तीच टंचाई. मग मध्यम करड्याच्या सात भागांत एक भाग काळा घालण्याची तोड निघाली. आदेशातली छटा आणि धावपट्टीवरची छटा एकच होती असे मानायला त्यामुळे आधार उरत नाही. उन्हाने विटणे, तेलाचे डाग, वरचेवर मारलेले हात हे आणखी वेगळे.

छायाचित्रांची मदतही अपुरीच पडते. ती बहुतेक कृष्णधवल आहेत, आणि ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर लाल-पिवळे रंग काळपट, तर निळा फिका उमटतो. जपानी ‘झीरो’ विमान कित्येक वर्षे साध्या फिकट करड्यात रंगवले गेले. पुढे अवशेषांच्या अभ्यासातून ऑलिव्हकडे झुकणारी छटा समोर आली आणि तो वाद अजून चालू आहे.

त्यातच प्रमाणाचाही प्रश्न येतो. मूळ विमानाचा रंग जसाच्या तसा तळहाताएवढ्या प्रतिकृतीवर दिला तर तो जास्त गडद वाटतो, म्हणून अनेक जण त्यात थोडा पांढरा मिसळतात. पत्र्यांच्या सांध्याची पाव मिलिमीटरची रेघ १:७२ च्या हिशेबाने खऱ्या विमानावर १८ मिलिमीटरची फट ठरेल; तरीही ती कोरली जाते, कारण डोळ्याला ती हवी असते. म्हणजे अत्यंत काटेकोर माणूसही पदोपदी निवडच करत असतो. छटेच्या बाबतीत त्याने दुसऱ्याला चूक ठरवू नये.

खुणांची गोष्ट मात्र निराळी आहे. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर १९४३ पासून दोस्त विमानांच्या वर्तुळांतला लाल रंग काढला गेला, कारण जपानी लाल गोलाशी गल्लत होऊन आपल्याच विमानावर गोळीबार होण्याचा धोका होता. भारतीय हवाई दलाच्या विमानांवरही हीच निळी-पांढरी वर्तुळे होती. १९४५ च्या तिथल्या स्पिटफायरवर लाल ठिपका दिला, तर त्या माणसांना रोज भेडसावणारी भीतीच पुसली जाते. विशिष्ट क्रमांक लिहिलेली प्रतिकृती त्याच यंत्राविषयी, पर्यायाने ते उडवणाऱ्याविषयी विधान करते. ते विधान खरे असलेच पाहिजे. ज्याला मनासारखे रंगवायचे आहे त्याने क्रमांक टाळावा. जांभळ्या स्पिटफायरने कोणाच्याही स्मृतीला धक्का लागत नाही.

अनेकांना जुनी छायाचित्रे धुंडाळण्यातच खरा आनंद मिळतो, तेव्हा अचूकता आणि हौस यांना एकमेकांविरुद्ध उभे करणेही चुकीचे आहे. स्पर्धांच्या परीक्षणात सांध्यांची सफाई, रंगाचा एकसारखा थर आणि नीट बसलेली डेकल यांना छटेच्या आधी स्थान मिळावे. या गोष्टी टेबलावर प्रत्यक्ष तपासता येतात, तर छटेबद्दल परीक्षकाचा पुरावा स्पर्धकाच्या पुराव्याइतकाच तोकडा असतो.