आजाराचा जाब कोणी द्यायचा?

सैनिकाच्या शरीराची सेवेत झालेली हानी शासनाने भरून द्यावी, हे तत्त्व जुने आहे. परंतु हानी कशाला म्हणावे, याविषयीची समजूत गेल्या शतकभरात अतिशय संथपणे बदलत आली आहे. गोळीने गमावलेला पाय दिसतो आणि त्याचे कारणही दिसते, पण मधुमेह, उच्च रक्तदाब, अपस्मार किंवा मानसिक आजार शरीरात कधी शिरला आणि कशाने बळावला, हे दाखवणारा एकही दिवस दिनदर्शिकेत सापडत नाही. अपंगत्व निवृत्तिवेतनाचा, म्हणजे माजी सैनिकांच्या बोलण्यातील ‘डिसॅबिलिटी पेन्शन’चा, खरा वाद या दुसऱ्या प्रकारच्या आजारांभोवतीच फिरत राहिला.

लष्कराच्या 1961 च्या निवृत्तिवेतन विनियमांनी दोन अटी घातल्या: आजार सेवेमुळे उद्भवलेला किंवा सेवेमुळे बळावलेला असावा, आणि वैद्यकीय मंडळाने ठरवलेले अपंगत्व किमान 20 टक्के असावे. यांतील पहिली अट सिद्ध करण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न ब्रिटनने दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच हाताळला होता. तेथे 1943 च्या राजाज्ञेने पुराव्याचा भार सैनिकाच्या खांद्यावरून उतरवून मंत्रालयावर ठेवला, आणि 1947 मध्ये न्यायमूर्ती डेनिंग यांनी अन्ननलिकेच्या कर्करोगाने मृत्यू पावलेल्या एका सैनिकाच्या प्रकरणात, सैनिकाच्या बाजूने गृहीतक असताना त्याचा हक्क नाकारण्यासाठी शासनाला किती भक्कम पुरावा द्यावा लागेल, याचे विवेचन केले. भारतात हाच विचार 1982 च्या हक्कनियमांत उतरला. भरतीच्या वेळी वैद्यकीय कागदपत्रांत ज्या आजाराची नोंद नाही, तो सामान्यतः सेवेतच उद्भवला असे मानावे, दावेदाराकडे पुरावा मागू नये आणि वाजवी संशयाचा फायदा त्यालाच द्यावा, असे ते नियम सांगत. शासनाने निरोगी तरुण स्वीकारला आणि आजारी माणूस परत पाठवला, तर मधल्या काळाचा जाब शासनाने द्यायचा, हे या नियमांचे सार होते.

यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात या विचाराची कसोटी सिकलसेलसारख्या आनुवंशिक विकाराने चांगली लागते. विदर्भातील अनेक समाजांत हा रक्तविकार आढळतो, आणि त्याचा केवळ वाहक असलेला माणूस एरवी शेतात, खाणीत किंवा कवायतीच्या मैदानावर इतरांइतकेच काम करू शकतो. तथापि अतिउंचीवर प्राणवायू विरळ झाला की अशा वाहकाच्या रक्तपेशी आकार बदलून प्लीहेचा रक्तपुरवठा तोडू शकतात, हे वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे. जिल्ह्यातील घाटंजीचा किंवा केळापूरचा एखादा जवान हिमालयातील ठाण्यावर अशा रीतीने आजारी पडला आणि मंडळाने ‘आनुवंशिक, सेवेशी संबंध नाही’ एवढाच शेरा मारला, तर तो शेरा अर्ध्याच प्रश्नाचे उत्तर देतो. विकाराचे बीज जन्मजात असेलही. परंतु ते बळावले कोठे, हा नियमातला दुसरा प्रश्न तसाच राहतो, आणि जवानाचा हक्क त्याच प्रश्नावर उभा असतो.

एका ओळीच्या अशा शेऱ्यांना सर्वोच्च न्यायालयाने 2 जुलै 2013 च्या निर्णयात ठाम नकार दिला. अपस्मारामुळे 1994 मध्ये सेवेतून काढलेल्या एका शिपायाच्या बाबतीत मंडळाने आजार प्रकृतिजन्य ठरवला होता, पण त्याची कारणे नोंदवली नव्हती. न्यायालयाने 1982 च्या नियमांतील गृहीतक लावून त्याचा हक्क मान्य केला. घरी पाठवल्यापासून तोवर 19 वर्षे उलटली होती. पुढे डिसेंबर 2014 मध्ये, अपंगत्वाची टक्केवारी वरच्या टप्प्यावर नेण्याची सवलत नियत वयोमानाने निवृत्त झालेल्यांनाही मिळाली. संपूर्ण अपंगत्वाला अखेरच्या वेतनाच्या 30 टक्के रक्कम मिळते, या हिशेबाने 20 टक्क्यांचे 6 टक्केच होतात. टप्पा 50 चा धरला की ते 15 टक्के होतात. ग्रामीण घरात हा फरक औषधाच्या खर्चाएवढा असू शकतो.

तत्त्व असे सैनिकाच्या बाजूने सरकत असताना दाद मागण्याची वाट मात्र लांबतच गेली. नामंजुरीनंतर पहिले अपील, मग दुसरे अपील आणि त्यानंतर सशस्त्र सेना न्यायाधिकरण, असा हा क्रम आहे. 2009 पूर्वी यवतमाळचा माजी सैनिक सुमारे दीडशे किलोमीटरवरील उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात रिट याचिका करू शकत असे. न्यायाधिकरण आल्यावर महाराष्ट्रासाठीचे पीठ मुंबईला बसले. तेथे जिंकूनही प्रकरण संपेलच असे नव्हते, कारण शासन वरच्या न्यायालयात जात राहिले. संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी 2015 मध्ये नेमलेल्या तज्ज्ञ समितीने अपंग सैनिकांविरुद्धच्या या अपिलांवर कठोर टीका केली होती. तरीही जुलै 2025 मध्ये केंद्राच्या अशा सुमारे 300 याचिका दिल्ली उच्च न्यायालयाला फेटाळाव्या लागल्या. शांतताक्षेत्रातील नेमणूक किंवा ‘जीवनशैलीचा आजार’ हे शब्द हक्क नाकारण्यास पुरेसे नाहीत, ही भूमिका त्या न्यायालयाने पुन्हा मांडली.

मधुमेह आणि रक्तदाबाचे दावे वाढले, विशेषतः अधिकाऱ्यांमध्ये, हा महालेखापरीक्षकांचा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. परंतु त्यावरचा उपाय मंडळाने प्रत्येक रुग्णाची कारणमीमांसा लिहिणे हा आहे. सर्वांवर सरसकट संशय घेतल्यास त्याची झळ प्रथम दूरच्या खेड्यातील जवानाला बसते. 2008 च्या हक्कनियमांनी तर सेवामुक्तीनंतर 15 वर्षे उलटल्यावर, शासनाने जुनी कागदपत्रे नष्ट केली असल्यास, पुराव्याचा भार पुन्हा दावेदारावर टाकला. न्यायालयांनीही उशिरा आलेल्याचा हक्क मान्य करताना मागील थकबाकी सामान्यतः तीन वर्षांपुरती मर्यादित केली आहे. म्हणून निवृत्तीच्या दिवशीच वैद्यकीय मंडळाच्या कार्यवाहीची प्रत जवानाच्या हाती पडणे आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने ती त्याच्यासमवेत वाचून अपिलाची मुदत त्याला सांगणे, हे कोणत्याही नव्या निकालाइतकेच निकडीचे आहे.