रिकामा ड्रम

एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात तरुण सेफ्टी ऑफिसर रुजू झाला. कामसू होता, कागदाला चोख. आल्याआल्या त्याने आग आणि स्फोटाच्या धोक्यांची पाहणी हाती घेतली. स्टोअरचं रजिस्टर पुढ्यात ठेवून एकेक माल उतरवला: टोल्युइन, झायलीन, थिनर, रेझिन. किती ड्रम, कुठे ठेवलेत, ठिणगी कुठून पडेल, जवळ कोण काम करतं. माल ओतताना ड्रमला अर्थिंगची तार लागू लागली, गोदामातले दिवे बदलले गेले. मालक खूश.

एप्रिल आला. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ जहाज फुटलं आणि आग विझवायला गेलेले कितीतरी जवान त्यात गेले. त्यांच्या आठवणीत दरवर्षी अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. सप्ताहासाठी आवारात वाळूची भांडी मांडायची होती. विकत कशाला आणायची? भिंतीलगत टोल्युइनचे रिकामे ड्रम पडलेच होते, आडवा कापला की एकाची दोन. ऑफिसरने मिस्त्रीला बोलावलं.

मिस्त्री वयस्क. डाव्या कानाची पाळी भाजून आक्रसलेली. गॅस कटर घेऊन आला, ड्रम बघितला आणि नळी परत गुंडाळू लागला.

“काय झालं, मिस्त्रीकाका?”

“परमिट द्या, साहेब.”

ऑफिसरला हसू आलं, पण नियम त्यानेच लावलेला. त्याने फॉर्म भरला. ‘भांड्यात काय आहे’ या रकान्यात ‘काही नाही’ लिहून सही ठोकली.

“आता काय होतं तेही लिहा.”

“अहो काका, रिकामा आहे. हलवून बघा, थेंब वाजत नाही.”

“म्हणून तर भीती. भरलेल्याला आपण सगळेच जपतो.”

मिस्त्रीचं बोलणं उफराटं वाटेल, पण हिशेब मांडून बघावा. टोल्युइन पेटायला हवेत त्याची वाफ साधारण १.१ ते ७.१ टक्के लागते. २०० लिटरच्या ड्रममध्ये खालची पातळी गाठायला दोन चमचे टोल्युइन पुरतं, आणि एवढं तर शिवणीच्या खाचेत चिकटून राहतं. उन्हाळ्यात आतली हवा वाफेने भरून गेली तरी प्रमाण पाच-सहा टक्क्यांच्या घरात, म्हणजे नेमकं पेटायच्या पट्ट्यात. शिवाय ही वाफ हवेच्या तिप्पट जड. बूच उघडं टाकलं म्हणून ती उडून जात नाही. काठोकाठ भरलेल्या ड्रममध्ये अशा मिश्रणाला जागाच कितीशी?

१९४८ च्या कारखाने अधिनियमाचं कलम ३७ हेच बजावत होतं: ज्वलनशील पदार्थ ज्यात आहे किंवा होता, असं भांडं वाफेसकट साफ झाल्याशिवाय कापू नये, वेल्डिंग करू नये. स्टोअरच्या रजिस्टरात मात्र माल संपला की ओळ मारतात, आणि ऑफिसरची सगळी पाहणी त्याच रजिस्टरावर उभी होती.

त्याने गॅस मीटर आणून नळी बुचाच्या भोकातून आत सोडली. मीटर असा कोकलू लागला की कँटीनमधली माणसं बाहेर आली.

फॉर्म फाडून तो भिंतीपाशी गेला. तिथे चारच ड्रम.

“दर महिन्याला कितीतरी रिकामे होतात. बाकीचे?”

स्टोअरकीपर घुटमळला. “भंगारात जातात, साहेब. आज सकाळीच टेम्पो गेला.”

२०१६ च्या नियमांप्रमाणे असे ड्रम घातक कचऱ्यात मोडतात. परवानगी असलेल्यालाच द्यायचे असतात. पण भंगाराच्या पैशांवर स्टोअरची दिवाळी व्हायची, त्यामुळे हे कुणी विचारत नसे आणि कुणी सांगत नसे.

भंगारवाला फोन उचलेना. ऑफिसरने स्टोअरकीपरला मोटारसायकलवर मागे बसवलं आणि सुटला. ड्रम पत्र्याच्या शेडमध्ये ओळीने आडवे घातलेले होते, शेजारी कटरची सिलिंडरं. कटरवाला नशिबाने जेवायला गेला होता.

“परत पाहिजेत? का?” भंगारवाल्याने डोळे बारीक केले. “आत काय राहिलं होतं का?”

ऑफिसरने सगळं सांगितलं. भंगारवाल्याने ऐकून घेतलं, एका ड्रमच्या बुचाशी नाक नेलं, आणि पोराला हाक मारून सिलिंडरं आधी बाहेर ढकलायला लावली. मग म्हणाला, “ते ठीक. पण आता माल माझा आहे. भाव दुप्पट.”

“साहेब, लुटतोय हा,” स्टोअरकीपर कुजबुजला.

ऑफिसरने घासाघीस न करता पाकीट काढलं.