भिंतीवरून आलेली कण्हेर



मागच्या गुरुवारी ग्रुपवर एका मावशींनी विचारलं, "शेजारी त्रास देत असेल तर भक्तानं सहन करावं की बोलावं?" बऱ्याच जणांनी हात जोडले, काहींनी पैठणच्या नाथांची गोष्ट टाकली. उत्तर काही मिळालं नाही. आमच्याकडे नुकतंच जे घडलं ते सांगतो.

भालकीच्या कडेला आमची जुनी आमराई आहे. आंबे, चार कडुनिंब, दोन चिंचा. कुंपण नाही. वाटेवरची जनावरं दुपारी सावलीला बसतात, वडिलांच्या वेळेपासून कुणी कुणाला हटकलेलं नाही. पलीकडे लेआउट पडला, बंगले झाले, बंगल्यांपुढे बागा झाल्या. बागेची छाटणी झाली की पाला भिंतीवरून आमच्याकडे येऊ लागला. पालाच तर आहे, कुजेल, खत होईल, असं टाकणाऱ्यांना वाटलं. खरं सांगायचं तर आम्हालाही तसंच वाटलं. मग पाल्यामागून फुटक्या कुंड्या आल्या, सिमेंटच्या पिशव्या आल्या. दोन वर्षं आम्ही गप्प बसलो आणि त्याला क्षमा म्हणत राहिलो. मनात थोडा अभिमानही होता बघा, की आपण किती सोसतो!

या उन्हाळ्यात वस्तीवरच्या एका मावशींची गाभण शेळी त्या ढिगाला तोंड लावून गेली आणि संध्याकाळपर्यंत मेली. ढिगात कण्हेर होती. कण्हेरीचं विष थेट हृदयावर जातं. पान वाळलं तरी ते जात नाही, कडवटपणा मात्र कमी होतो, म्हणून ओल्या पानाला नाक मुरडणारं जनावर वाळलेलं खाऊन टाकतं. पिवळी बिट्टीही तशीच. ती जाळायचीही नसते, धूरसुद्धा बाधतो. हे आम्हाला ठाऊक होतं. शेतकऱ्याच्या घरात कुणाला ठाऊक नसतं? पण ढिगात काय आहे हे आम्ही कधी वाकून पाहिलंच नाही. त्याच बंगल्याच्या कण्हेरीची फुलं दर गुरुवारी आरतीला आणत होतो, हेही इथे कबूल केलेलं बरं.

आता नाथांची गोष्ट. गोदावरीत स्नान करून येताना एक जण त्यांच्या अंगावर पुन्हा पुन्हा थुंकला, नाथ पुन्हा पुन्हा स्नानाला गेले, रागावले नाहीत. पण ती थुंकी नाथांच्याच अंगावर होती. आपल्या अंगावरचं आपण माफ करू शकतो. शेळी आमची नव्हती, मग तिच्या वतीनं माफ करणारे आम्ही कोण? आम्ही ज्याला क्षमा म्हणत होतो ती भिडस्तपणाची सोय होती. वाईटपणा आम्हाला नको होता, किंमत दुसरीनं भरली.

दुसऱ्या दिवशी आम्ही शेजारच्या सरांकडे गेलो. आधी आमची चूक सांगितली, मग त्यांची. सर चिडले. "मोकळी जागा दिसते, सगळेच टाकतात, मी एकटा का?" हे खोटं नव्हतं. 2016 च्या घनकचरा नियमांत बागेचा कचरा ज्यानं त्यानं आपल्याच आवारात वेगळा साठवावा असं लिहिलं होतं, तेही दाखवलं. त्यानं ते आणखीच चिडले. कायदा दुसऱ्या भेटीसाठी ठेवायला हवा होता. शेवटी सरांच्या घरातल्या काकू बाहेर आल्या. शेळी गाभण होती हे त्यांना माहीत नव्हतं. त्या काही बोलल्या नाहीत, आत जाऊन चहा ठेवला.

आता त्यांच्या मागच्या अंगणात खड्डा आहे. पाला, त्यावर शेणकाला, वर माती. कण्हेर वेगळी काढून जनावराचं तोंड पोचणार नाही अशी ठेवतात. शेळीचे पैसे निम्मे त्यांनी दिले, निम्मे आम्ही. बाकीच्या दोन बंगल्यांतून अजूनही एखादा भारा येतो. तो उचलून आम्ही त्यांच्या फाटकाशी नेतो, बेल वाजवतो, नमस्कार करतो आणि पुन्हा सगळं सांगतो. कुणी ऐकतं, कुणी दार लावून घेतं.

मावशींनी पैसे घेतले. पण शेळ्या मात्र त्या अजून आमराईत आणत नाहीत.