जागेपणाची कडी
रत्नागिरीतल्या एका कीर्तनात पुढे बसलेला एक तरुण पेंगत होता. शेजारचे आमचे गुरुजी, निवृत्त शिक्षक, माझ्या कानाशी लागून म्हणाले, "मनावर घेतलं तर झोप येत नाही." तो तरुण आजारी होता असं मला म्हणायचं नाही, मे महिन्याच्या उकाड्यात रात्री दहाला पेंगायला आजार लागत नाही. पण ते 'मनावर घेतलं तर' काही केल्या डोक्यातून जाईना.

कुंभकर्णाचे दाखले आणि वामकुक्षीचे विनोद सगळ्यांना पाठ आहेत, ते सोडून देऊ. मला एकच फरक मोलाचा वाटतो: झोप जास्त असणं वेगळं आणि जागेपण न टिकणं वेगळं. नार्कोलेप्सी हा दुसऱ्या जातीचा आजार. अशा रुग्णाच्या चोवीस तासांतल्या झोपेची बेरीज बहुधा तुमच्याआमच्याइतकीच भरते. दिवसा तो बोलता बोलता झोपतो, रात्री मात्र त्याची झोप पुन्हापुन्हा मोडते. झोप आणि जाग यांच्यामधल्या दाराची कडीच निखळलेली असते.

ही कडी म्हणजे ओरेक्सिन ऊर्फ हायपोक्रेटिन हे मेंदूतलं रसायन. 1998 मध्ये दोन गटांनी ते स्वतंत्रपणे शोधलं, म्हणून नावं दोन. मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसमध्ये, ते तयार करणाऱ्या पेशी लाखभरही नसतील. अब्जावधींच्या त्या वस्तीत ही मूठभर मंडळी. हिस्टामिन, नॉरॲड्रेनलिन अशी जागं ठेवणारी रसायनं सोडणाऱ्या केंद्रांना त्या सतत हुशार ठेवतात. (सर्दीच्या जुन्या गोळ्यांनी गुंगी येते, ती मेंदूतल्या हिस्टामिनची वाट अडल्यामुळे.) नार्कोलेप्सी असलेल्या माणसांच्या मेंदूंची मृत्यूनंतर तपासणी झाली, तेव्हा 2000 साली दिसलं की या पेशी जवळजवळ सगळ्याच नाहीशा झाल्या आहेत. संशय स्वतःच्याच प्रतिकारशक्तीवर आहे. 2009 च्या ज्या स्वाइन फ्लूनं पुण्यातल्या शाळा बंद पाडल्या, त्याच्या लाटेनंतर चीनमध्ये नार्कोलेप्सीचे नवे रुग्ण वाढलेले दिसले. फिनलंड-स्वीडनमध्ये ते त्या साथीवरच्या एका विशिष्ट लशीनंतर, मुलांमध्ये वाढले.

सगळ्यात विलक्षण म्हणजे हसणं. या रुग्णांपैकी अनेकांना खळखळून हसू आलं की गुडघ्यांतलं बळ जातं, मान कलते, कधी माणूस खाली कोसळतो. शुद्ध मात्र पुरती असते. स्वप्नं पडताना आपण हातपाय झाडू नयेत म्हणून मेंदू स्नायू सैल सोडतो. तीच सैलावण इथे भर दिवसा, जाग्या माणसात घुसते. स्टॅनफर्डला पाळलेले नार्कोलेप्सीचे डॉबरमन कुत्रे खाऊ दिसताच आनंदानं कोसळत. ओरेक्सिनचा निरोप झेलणाऱ्या रेणूचं जनुकच त्यांच्यात बिघडलेलं होतं, हे 1999 मध्ये कळलं. आता आनंद झाल्यावर न पडणं हे कुत्र्यानं मनावर कसं घ्यायचं?

हे सांगितल्यावर गुरुजींनी दासबोध पुढे केला. अठराव्या दशकात निद्रेवर एक अख्खा समास आहे, हे खरं. पण झोपेत हाका मारणारे, ओरडत उठणारे लोक समर्थांनी इतक्या मिस्कीलपणे टिपलेत, की आजचा डॉक्टर त्यांतल्या काहींना तपासणीला बोलावून घेईल. गुरुजींना त्यात फक्त छडी दिसते.

झोपेला मान देणारी गोष्टही आपल्याच जिल्ह्यात आहे. लांजा तालुक्यात माचाळला मुचकुंद ऋषींची गुहा दाखवतात. तिथल्याच डोंगरात उगम पावलेली मुचकुंदी पूर्णगडला समुद्राला मिळते. देवांसाठी लढून थकलेल्या मुचकुंदानं वर मागितला तो झोपेचा, आणि त्याला उठवणारा कालयवन भस्म झाला. त्याला कोणी आळशी म्हणत नाही, कारण तो आधी लढला होता. म्हणजे आधी श्रम, मग झोप. गोष्ट मला आवडते, पण हिशेब गुरुजींचाच आहे.

आणि माझाही तोच निघाला. 'अहो, तो आजारी असेल, त्याला बोलू नका' असं मी म्हणतो, तेव्हा मी झोपेसाठी दाखला मागत असतो. दाखला मिळायचा तर रात्रभर डोक्याला तारा लावून झोपायचं, दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी पुन्हा झोपून दाखवायचं. मग मिरकरवाड्याच्या जेटीवर जाळ्यांच्या ढिगाला टेकून झोपलेल्या खलाशानं काय करावं? त्याचं ओरेक्सिन शाबूत आहे, फक्त रात्र समुद्रात गेली आहे. घोरता घोरता ज्याचा घसा मिटतो आणि झोप शंभरदा तुटते, त्याला तर आपल्याला आजार आहे याचाच पत्ता नसतो. आजाऱ्याला माफी मागताना मी या सगळ्यांना गुन्हेगार ठरवत होतो. आता मला वाटतं, जागं राहणं हा कुणाचाच पराक्रम नाही. कीर्तनात गुरुजी ताठ बसले होते त्याचं श्रेय त्यांच्या दुपारच्या दीड तासाच्या झोपेला.

हे ऐकून ते उसळले. "मग रातराणीच्या ड्रायव्हरनं चाकावर झोपावं?" हा प्रश्न बिनतोड आहे. चाकावर झोपू नये. गाडी बाजूला घेऊन वीस मिनिटं झोपावं. नार्कोलेप्सीच्या रुग्णालाही डॉक्टर अशाच ठरवून घेतलेल्या डुलक्या सांगतात. "आणि उशीर झाला म्हणून मालकानं पैसे कापले तर?" गुरुजींनी विचारलं. ते मालकालाच विचारा, असं मी त्यांना सुचवलं.