विसरण्याची मुदत

साइट हलवणं म्हणजे फायली हलवणं, असं ज्याला वाटतं त्याने अजून साइट हलवलेली नाही. फायली तासाभरात जातात, डेटाबेस त्याहून लवकर. मागे राहतो तो पत्ता.

*

होस्टिंग वेगळं, डोमेन वेगळं. एकाकडून जागा घ्यायची, दुसऱ्याकडून नाव. दोन्ही एकाच बिलावर आली की गिऱ्हाइकाला ती एकच वाटतात, आणि तसं वाटू देणं विकणाऱ्याच्या सोयीचं असतं. माझं मत विचाराल तर दोन्ही एका ठिकाणी ठेवूच नयेत. जागेवरून वाजलं तर नाव ओलीस राहतं.

जागा बदलायला नावाची कंपनी बदलावी लागत नाही. नावाचा पत्ता सांगणारे नेमसर्व्हर बदलले की भागतं. तरी लोक एकाच दमात दोन्ही बदलायला निघतात. मग कळतं की नुकतंच घेतलेलं किंवा नुकतंच हलवलेलं डॉट कॉम सहसा ६० दिवस जागचं हलत नाही. हा नियम चोरांसाठी केलेला आहे, अडतात घाईवाले.

*

डोमेनचा मालक कुणीच नसतो. डॉट कॉम एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी मिळतं. मुदत टळली तर काही दिवस सवलतीचे, मग ३० दिवस जबर दंड भरून सोडवून घेण्याचे, मग ५ दिवस ते कुणाचंच नसतं. त्यानंतर ज्याचा हात आधी पोचेल त्याचं.

"डोमेन कुणाच्या नावावर आहे?" या प्रश्नाला गावोगावी एकच उत्तर मिळतं: "भाच्याने घेऊन दिलं होतं." भाचा आता कॅनडात. ओटीपी जातो त्याच्या कॉलेजच्या ईमेलवर, आणि तो ईमेल कॉलेज सुटल्यावर बंद झालेला. दुकान मामांचं, पाटी मामांची, गल्ला मामांचा, नाव भाच्याचं. बारा वर्षं कुणाचं काही बिघडलं नाही, कारण बारा वर्षं कुणी जागा बदलली नाही.

*

एके काळी सगळ्या जाळ्याचे पत्ते एकाच यादीत होते. मेन्लो पार्कमधल्या एसआरआय संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांच्या कचेरीत ती यादी ठेवली जाई, आणि बाकीचे तिची प्रत उतरवून घेत. जाळं वाढलं तशी यादी पुरेना. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली: एक यादी नको, ज्याने त्याने आपल्यापुरतं सांगावं, आणि विचारणाऱ्याने मिळालेलं उत्तर काही काळ लक्षात ठेवावं.

तो 'काही काळ' हीच खरी करामत. प्रत्येक उत्तराबरोबर सेकंदांचा एक आकडा येतो. टीटीएल. ३६०० म्हणजे तासभर, ८६४०० म्हणजे दिवसभर. तेवढा वेळ पुन्हा विचारायचं नाही. सांगणाराच सांगताना ठरवून देतो की माझं बोलणं कधी विसरायचं. माणसांत ही सोय असती तर निम्मी भांडणं मिटली असती.

*

लोक म्हणतात, नवा पत्ता जगभर पसरायला वेळ लागतो. पसरत काहीच नसतं. नवा पत्ता घेऊन कुणी कुठे जात नाही. ठिकठिकाणी जुनं उत्तर आपापल्या घड्याळाने शिळं होतं, आणि त्यानंतर कुणी विचारलंच तर नवं मिळतं.

त्यामुळे हलवणाऱ्याचं खरं काम आदल्या दिवशी असतं. टीटीएल ३०० वर आणून ठेवायचा, म्हणजे दुसऱ्या दिवशी जग पाच मिनिटांत विसरेल. गंमत अशी की मुदत कमी केल्याची खबरही जुनी मुदत संपल्यावरच लागते. लवकर विसरायला लावायचं असेल तर ते ऐन वेळी सांगून चालत नाही.

आणि नेमसर्व्हरच बदलले तर डॉट कॉमच्या वरच्या दप्तरातली ती नोंद १,७२,८०० सेकंदांची, म्हणजे दोन दिवसांची. तो आकडा तुमच्या हातात नाही. ४८ तास थांबा, असं सपोर्टवाला म्हणतो तेव्हा तो दर वेळी टाळत असतोच असं नाही.

*

"सर, माझ्याकडे अजून जुनीच दिसतेय."

"वायफाय बंद करून मोबाइल डेटावर बघा."

"आली नवी! आता परत वायफाय लावलं तर?"

"परत जुनी."

एका टेबलावर दोन फोन, पत्ता एकच, साइट दोन. दोघांपैकी खोटं कुणीच बोलत नसतं. मात्र त्या अवधीत जुन्या साइटवर कुणी चकलीची ऑर्डर दिली तर ती जुन्याच डेटाबेसमध्ये पडते, आणि नव्या साइटला तिचा पत्ता लागत नाही. म्हणून दुकानाची साइट हलवताना ऑर्डर घेणं काही तास बंद ठेवतात. दिवाळीच्या तोंडावर तर साइट हलवूच नये; पण लोकांना साइटची आठवण दिवाळीच्या तोंडावरच येते.

*

नसलेलंही लक्षात राहतं. नवी नोंद टाकण्याआधीच कुणी ते नाव विचारून बघितलं, तर 'असं काही नाही' हे उत्तर साठवलं जातं, आणि नोंद झाल्यावरही काही वेळ तेच मिळत राहतं. म्हणजे झालं का, झालं का, म्हणून जो सारखं बघतो त्यालाच सगळ्यात उशिरा दिसण्याची शक्यता. उतावळ्याला यंत्राकडून मिळालेली याहून नेमकी शिक्षा मला माहीत नाही.

*

मराठी साइटचं दुखणं आणखी वेगळं. साइट हलते, पानं उघडतात, चित्रं दिसतात आणि मजकुराच्या जागी भलतंच काही. 'म' गेला, त्याच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, मग कुठल्याच देशाचं नसलेलं एक चलनचिन्ह, मग वर्तुळातला आर. देवनागरीचं एकेक अक्षर, एकेक वेलांटी युटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते. ते बाइट लॅटिन-१ या रोमन अक्षरांच्या जुन्या पद्धतीने वाचले की एकाची तीन चिन्हं होतात. 'मराठी'तली शेवटची वेलांटी येनचं चिन्ह घेऊन येते.

आता दोष कुणाचा? नव्या सर्व्हरचा, असं सगळे म्हणतात. खरं तर जुन्या डेटाबेसवर पहिल्यापासून लॅटिन-१ ची चिठ्ठी होती. मायएसक्यूएल या डेटाबेस-प्रणालीत २०१८ मध्ये आठवी आवृत्ती येईपर्यंत न सांगता तीच मिळायची. साइट मजकूर आत टाकताना चुकीची चिठ्ठी लावायची, बाहेर काढताना तीच चुकीची चिठ्ठी मानायची. दोन चुका एकमेकींना सांभाळून होत्या, आणि वाचकाला मराठी शुद्ध दिसत होतं. नव्या जागेने त्यातली एक सुधारली.

बरीच घरं अशी चालतात. त्यांना शहाणा पाहुणा सोसत नाही.

अशा गोंधळात बाइट शाबूत असतात. चिठ्ठी बदलली की मजकूर परत येतो. पण अक्षरांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हांची रांग दिसली तर समजावं, बहुधा मजकूर गेला. गोंधळ निस्तरता येतो, प्रश्नचिन्हातून काही परत येत नाही. मग जुना बॅकअप शोधायचा, असला तर.

*

कुलपाचं, म्हणजे एचटीटीपीएसचं, प्रमाणपत्र हवं तर नाव आधी नव्या जागेकडे वळायला हवं. आणि नाव वळलं की प्रमाणपत्र नाही म्हणून ब्राउझर लोकांना घाबरवतो. डीएनएसमध्ये एक नोंद टाकून ते आधीच मिळवण्याची वाट आहे. ती आठवते नंतर.

*

साइट बंद पडली तर पाच मिनिटांत फोन येतो. ईमेल चुकला तर महिनाभर कुणाला कळत नाही.

मेलचा सर्व्हर बंद असेल तर पाठवणारा सर्व्हर सहसा काही दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. चालू असेल तर पत्र घेतलं जातं आणि जुन्या पेटीत जाऊन पडतं. हलवाहलवीच्या दिवसांत चालू सर्व्हर बंद सर्व्हरपेक्षा घातक.

त्यातही जुनी जागा विसरण्यात सगळ्यात मागे. मेल कुठे द्यायचा ते सांगणारी एमएक्स नोंद जगाने नवी वाचली तरी जुन्या सर्व्हरच्या हिशेबी हे डोमेन अजून आपल्याच घरातलं. त्याच सर्व्हरवरच्या शेजारच्या साइटने पत्र लिहिलं, तर तो डीएनएसला विचारायलाही जात नाही. परस्पर जुन्या पेटीत टाकतो. खातं बंद करण्याआधी ती पेटी उघडून बघावी. बहुतेक वेळा तिथे एखादं बिल असतं, आणि त्याची दोन स्मरणपत्रं.

*

सगळ्या जाळ्याच्या पत्त्यांची ती जुनी यादी पुरती गेलेली नाही. प्रत्येक संगणकात 'होस्ट्स' नावाची एक छोटी फाइल अजून असते, आणि संगणक सहसा डीएनएसच्या आधी तिचं ऐकतो. जगाला कळण्यापूर्वी नवी साइट तपासून घ्यायची म्हणून हलवणारा तिच्यात एक ओळ टाकतो: हे नाव, हा पत्ता. सोयीची ओळ, पण तिला टीटीएल नाही.

चार-पाच वर्षांनी तीच साइट पुन्हा हलते. सगळं जग नवी साइट बघतं. हलवणाऱ्याच्या एकट्याच्या संगणकावर जुनी. तो सपोर्टला तक्रार टाकतो, राउटर बंद-चालू करतो, ब्राउझर रिकामा करतो. सपोर्टवाला म्हणतो, आमच्याकडे तर दिसते. अर्धा दिवस असा जातो आणि मग कुणीतरी नवखा पोरगा विचारतो, सर, होस्ट्स फाइल बघितली का?