विद्येचें कर्ज आणि दिवाळें

व्यापारी दिवाळखोर ठरला म्हणजे त्याची चीजवस्त विकून पैसा सावकारांस वांटून देण्यांत येतो आणि उरलेल्या देण्यांतून न्यायालय त्याला मोकळें करतें. अमेरिकेंत ही सवलत जुगारापायीं कर्जबाजारी झालेल्यासही बहुधा मिळते. कॉलेजच्या फीसाठीं कर्ज काढणारास मात्र ती सहजासहजीं मिळत नाहीं. हा भेद न्याय्य आहे काय, हा प्रश्न ज्यांचें पोट फीवर चालतें त्या आम्हां अध्यापकांना तरी टाळतां येण्यासारखा नाहीं.

तेथील विधिमंडळानें १९७६ सालीं असें ठरविलें कीं, फेड सुरू होऊन पांच वर्षें लोटण्यापूर्वीं असलें कर्ज दिवाळ्यांत सहसा माफ होऊं नये. १९९० सालीं पांचांचीं सात वर्षें झालीं. १९९८ सालीं मुदतीची सोयच रद्द झाली. २००५ सालीं खासगी बँकांच्या विद्यार्थी-कर्जांनाही तेंच संरक्षण मिळालें. आतां वाट उरली ती ‘अवाजवी हाल’ सिद्ध करण्याची. १९८७ सालच्या ब्रुनर खटल्यापासून पुष्कळ न्यायालयें त्यासाठीं तीन गोष्टी पाहतात: कर्ज फेडून किमान राहणीही राखतां येत नाहीं, ही स्थिति दीर्घकाळ टिकणारी आहे, आणि ऋणकोनें आजवर प्रामाणिक यत्न केला आहे. यांतील दुसरी गोष्ट आम्हांस मोठी विलक्षण वाटते. भविष्यावर विश्वास ठेवून ज्यानें शिक्षण घेतलें, त्यानेंच पुढें न्यायासनासमोर उभें राहून, आपल्याला भविष्य नाहीं, असें पटवून द्यावयाचें! २०२२ सालीं सरकारनें आपल्या कर्जांपुरती ही परीक्षा थोडी सौम्य केली, पण ती कायद्याचे शब्द न बदलतां.

निर्बंधाच्या पुरस्कर्त्यांचें म्हणणें अगदींच पोकळ नाहीं. दुकानदार दुकान देऊन सुटतो. डॉक्टरची विद्या कोण जप्त करणार? पदवी हातीं पडतांच दिवाळें काढावें आणि जन्मभर त्याच पदवीवर पैसा मिळवावा, ही लबाडीच होय. पण तिला आळा घालण्यास पांच वर्षांची मुदत पुरेशी होती. मुदत उठविल्यानें जो सांपडला तो हा चतुर डॉक्टर नव्हे. कॉलेज अर्धवट सोडावें लागलेला, पदवी नाहीं आणि कर्ज मात्र आहे, असा पन्नाशीचा गृहस्थ. घेतलेलें कर्ज फेडावें, हें आम्हांलाही मान्य आहे. परंतु या व्यवहारांत बँक, कॉलेज, सरकार हे सारे जाणते. आणि शिकून कांहींच न साधल्यास नुकसान सोसावयाचें तें अठरा वर्षांच्या मुलानें. अशा सौद्याला वचनाचें पावित्र्य देण्यास आमचें मन धजत नाहीं.

आमच्या जुन्या सावकारीलाही मर्यादा होती. दामदुपटीच्या नियमानें एका वेळीं मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करतां येत नसे, आणि मुंबईच्या न्यायालयांनीं तो नियम मानला. ऋषिऋण तर अध्ययनानेंच फिटतें, असें आमचे पूर्वज म्हणत. (ती सोय मूठभरांपुरतीच होती, हें विसरून तिचे गोडवे गाण्यांत अर्थ नाहीं.) असें असून २०१६ सालच्या आपल्या नादारीच्या कायद्यानें विद्यार्थी-कर्जाला दंड आणि पोटगी यांच्या पंक्तीस बसवून व्यक्तीच्या माफीयोग्य देण्यांतून वगळलें आहे. तो भाग २०१९ सालीं कंपन्यांच्या जामीनदारांपुरताच अमलांत आला. तरी शब्द लिहून ठेवलेले आहेत.

प्रवेशाच्या दिवसांत विद्यार्थी बँकेसाठीं दाखला घ्यावयास येतात. एकदां एकाबरोबर त्याचे वडील आले होते. कर्जाच्या कागदांवर त्यांचीही सही होती. “सर, हा शिकून मार्गी लागेल ना?” त्यांनीं विचारलें. आम्ही दाखला पुन्हा वाचला, तारीख घातली आणि सही केली.