मध्यंतरातला इतिहास

विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’ या नाटकावरून परवा झालेल्या वादावर लिहायचं नाही, असं ठरवलं होतं. पण ‘घाशीराम’वर जीव टाकणारी माणसंच ‘अहो, नाटक म्हणून बघा ना!’ असं सुनवू लागली, तेव्हा राहवेना. जीव माझाही आहे. भास्कर चंदावरकरांच्या चाली, कृष्णदेव मुळगुंदांनी नाचवलेली ती माणसांची भिंत, तिने पाठ फिरवली की पलीकडे काय चाललंय ते आपण मनातच बघायचं. १९७२ पासून मराठी रंगभूमीने याच्या तोडीचं फार थोडं केलं. (अशा वेळी ठेक्यावर टाळ्या पिटणाऱ्यांना बाहेर काढायची सोय थिएटरवाले का करत नाहीत, कोण जाणे.)

‘नाटक म्हणून बघा’ हे वाक्य म्हणजे छत्री. आभाळ आलं की उघडायची, ऊन पडलं की काखोटीला मारायची. नाटकातली घाशीरामची मुलगी ललितागौरी कुठल्या दफ्तरात आहे, असं विचारा, छत्री उघडते. घाशीराम पुण्याचा कोतवाल झाला तेव्हा, १७७७ साली, पेशव्यांचे कारभारी नाना फडणवीस जेमतेम पस्तिशीचे होते, रंगमंचावर मात्र लंगडत, लाळ गाळत येतो तो थेरडा. असं म्हणून बघा, छत्री आणखी मोठी होते. आणि मध्यंतरात हेच छत्रीवाले गृहस्थ एका हातात वडा धरून (नाट्यगृहात वडा! तेलकट बोटं पुसायची कशाला, तर खुर्चीच्या हाताला!) नातवाला सांगत असतात, ‘नाना फडणवीस अस्साच होता बरं का!’ आता छत्री कुठे गेली? हे नाटक ऐतिहासिक नाही, हे तेंडुलकरांनी स्वतःच सांगून ठेवलंय. पण लेखकाने सांगितलं म्हणून प्रेक्षक कसा सुटेल? ज्याला इतिहास सांगायचाय त्याने पुराव्याचीही जबाबदारी घ्यावी. नसेल घ्यायची, तर वडा खावा आणि गप्प बसावं.

‘जुनं कशाला उकरता’ आणि ‘आमच्या जातीची बदनामी’ या आक्षेपांना आज जागा देत नाही. त्यांना ती भरपूर मिळते.

मला टोचतं ते निराळंच. १७९१ च्या ऑगस्टमध्ये कोतवालाच्या कोठडीत वीसेक तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले. ही माणसं खरी. सरदार मानाजी फाकड्याने दार फोडलं तेव्हा आत प्रेतं होती. मग जमाव नानांच्या दारात गेला, घाशीराम त्याच्या हवाली झाला आणि ३१ ऑगस्टला दगडांनी ठेचला गेला. नाना मात्र त्यानंतरही मोठेच राहिले. नाटकात हे सगळं आहे. पण तोवर आपले पाय असे ठेक्यात अडकलेले असतात, की ती वीस माणसं आपल्या दृष्टीने शेवटाकडे नेणारी एक पायरी उरतात. त्यांच्यापैकी एकाचंही नाव आपल्याला सांगता येत नाही. ललितागौरीचं मात्र तोंडपाठ.

यावर उपाय काय? नाटक बंद पाडणं तर नव्हेच. मोरोबा कान्होबांचं १८६३ चं ‘घाशीराम कोतवाल’ चाळायला सांगितलं, तर लोक पुस्तक आणतील आणि कपाटात ठेवतील. ठेवू देत. पुढच्या प्रयोगाला मी जाणार आहेच. शेजारच्या खुर्चीवाल्याने मोबाइल बंद ठेवावा, आणि नानांविषयी बोलायचंच असेल तर निदान चार पानं वाचून यावं.